गाळण्यापलीकडचे पाणी



जैन घरातील बालकाला पाण्याचा पहिला धडा शाळेत जाण्यापूर्वीच मिळतो. घागरीच्या तोंडावर दुहेरी वस्त्राचे गाळणे असते. पाणी गाळून झाले की वस्त्रावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत अलगद परत सोडली जाते. पाण्यातील त्रस जीवांची विराधना टाळणारा हा आचार मुलाला दोन गोष्टी शिकवतो : पाणी कोठून आले हे जाणावे आणि ते बेताने वापरावे.

पांढरकवड्याच्या मुलांना मात्र आज याच्या पुढचा धडाही हवा आहे. या परिसरातील भूजलात फ्लोराईड आढळते. २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात येथील भूजलाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. असे अधिक फ्लोराईडचे पाणी लहानपणी सतत पोटात गेले, तर कायमच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. पुढे सांधे व हाडेही आखडतात. हे फ्लोराईड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि वस्त्राने गाळले जात नाही. उकळल्यानेही ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. यात परंपरेला उणेपणा नाही. गाळणे जीवांच्या रक्षणासाठी आहे. विरघळलेल्या क्षारांसाठी तपासणीच हवी.

महाराष्ट्रातील नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात काही वर्षांपूर्वी ‘जलसुरक्षा’ हा विषय आला. तथापि पाणी पुस्तकात जितके समजते, त्याहून अधिक ते काठावर उभे राहिल्यावर समजते. म्हणून प्रत्येक शाळेची एक तरी सहल पाण्यासाठी निघावी.

तिचा पहिला मुक्काम गावातील हातपंपाजवळ असावा. विंधनविहीर किती खोल आहे, पाणी शेवटचे कधी तपासले, फ्लोराईड किती निघाले, हे मुलांनी विचारावे. कोणाच्या दातांकडे बोट मात्र दाखवू नये. ज्याने नाइलाजाने ते पाणी प्यायले, त्याचे मन दुखावणे हीदेखील हिंसाच आहे. पाणी खडकांच्या पोटात जितका दीर्घ काळ राहते, तितके खडकातील क्षार त्यात उतरतात, हे शिक्षकांनी तेथेच समजावावे.

दुसरा मुक्काम खुनी नदीचा काठ. नदीचे वाहते पाणी खडकात फार काळ मुरलेले नसते, म्हणून त्यात फ्लोराईड सहसा कमी असते. परंतु जंतूंसाठी त्याचे शुद्धीकरण आवश्यकच असते. येथून पाणी पैनगंगेला मिळते. पुढे वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला पोचते. येथे टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा प्रवास कोठवर होईल, हे मुलांनी नकाशावर बोट फिरवून पाहावे.

तिसरा मुक्काम शाळेचेच छप्पर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटर छपरावर ९०,००० लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले, तरी उरलेले थोडके नाही. पहिल्या सरी सोडून द्याव्यात आणि पुढील पाणी गाळून टाकीत साठवावे किंवा जुन्या विहिरीत मुरवावे. त्याने विहिरीची पातळी वाढते आणि भूजलातील क्षारांची तीव्रताही सौम्य होऊ शकते.

या तीन मुक्कामांचे सार एकच आहे. वरचे पाणी वाया घालवले की माणूस खाली खणू लागतो, आणि खोलवरचे जुने पाणी अनेकदा अधिक क्षार घेऊन वर येते. आजची उधळपट्टी उद्या कोणा बालकाच्या हाडांत उतरते. म्हणून पाण्याचा अपरिग्रह हे व्रत आहेच. पांढरकवड्यात ते आरोग्याचे रक्षणही आहे.

सहलीहून परतताना प्रत्येक गटाने एकेका स्रोताचे पाणी स्वच्छ बाटलीत घ्यावे. तिच्यावर जागा व तारीख लिहून ती शासकीय प्रयोगशाळेत तपासणीस द्यावी. आलेला अहवाल शाळेच्या आणि धर्मस्थानाच्या फलकावर लागावा. दोष आढळला, तर फ्लोराईड काढण्याचे उपाय आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची ‘नलगोंडा’ पद्धत त्यांपैकीच एक होय. समाजाने अशा कामी पुढाकार घ्यावा.

पूर्वजांनी जिवाणी ज्या विहिरीत परत सोडली, ती विहीर पुढच्या पिढीच्या हाती जिवंत आणि निर्दोष सोपवणे, हाच त्या आचाराचा आजचा विस्तार आहे.

जय जिनेंद्र!