पोटाला मानवणारी प्रथिने

(वर्षावासानिमित्त झालेले आरोग्यविषयक व्याख्यान)



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत आपल्यापैकी अनेक घरांत मांस-मासळी वर्ज्य असते. ताटातून काय गेले हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या जागी काय आले, याचा विचार मात्र फारसा होत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "डाळ खाल्ली की पोट फुगते, उसळ खाल्ली की गॅस होतो, दूध तर मुळीच चालत नाही." मग उरते काय? भात, बटाटा, लोणचे आणि दिवसातून सहा वेळा चहा. अशा आहारावर शरीर कसे टिकणार? म्हणून आज आम्ही एकाच प्रश्नावर बोलणार आहोत : नाजूक पोटाच्या माणसाने शाकाहारात प्रथिने कोठून मिळवावीत?

हा प्रश्न आपल्या औद्योगिक पट्ट्यात अधिक तीव्र का, तेही पाहिले पाहिजे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे पूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि अखेरीस चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसे आली. येताना गावाकडची चूल मागे राहिली. महाळुंगे किंवा खराबवाडीत एका खोलीत पाच-सहाजण राहणारे कंत्राटी कामगार मेसच्या डब्यावर जगतात. डब्यातली आमटी तिखट आणि पातळ असते. रातपाळीला मध्यरात्रीनंतर जेवण, वर मिसळ नाहीतर वडापाव. रात्री पचनाची गती मुळातच मंद असते; त्यात आठवड्याला पाळी बदलते. पोट बिघडले नाही तरच नवल! आणि दोष मात्र येतो बिचाऱ्या डाळीवर.

डाळीने गॅस होतो हे खोटे नाही, पण त्याचे कारण प्रथिने नव्हेत. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही शर्करा असतात. त्या पचविणारे पाचकद्रव्य मानवी आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील जीवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. पोट फुगते, पण आतड्याला इजा होत नाही. या शर्करा पाण्यात विरघळतात, आणि तेथेच उपाय आहे. कडधान्य आठ-दहा तास भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवावे. मोड आणले तर या शर्करा आणखी कमी होतात, कारण कोंब वाढताना बी त्या स्वतःच खर्च करते. मात्र नाजूक पोटाच्या माणसाने मोड कच्चे खाऊ नयेत, वाफवूनच खावेत. शहाणपणा म्हणून जिममध्ये वाटीभर कच्चे मूग खाणारे तरुण आम्ही पाहतो. त्यांना पोटदुखी का होते याचे कोडे त्यांनाच पडलेले असते.

सर्व डाळी सारख्या नाहीत. सालीची मूगडाळ, अख्खी मटकी, चणे, राजमा हे क्रमाने जड होत जातात असा सर्वसाधारण अनुभव आहे. बिनसालीची पिवळी मूगडाळ सर्वांत हलकी. ज्याला काहीच सोसत नाही त्याने तिच्यापासून सुरुवात करावी. आठवडाभर दोन चमचे शिजलेले वरण, मग अर्धी वाटी, मग वाटी. महिन्याभरात आतडे सरावते. एकदम दोन वाट्या खाऊन "मला चालत नाही" असा निकाल देऊ नये.

येथे विनयपिटकातील एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात अशी नोंद आहे की, राजगृहात असताना तथागतांना पोटातील वाताचा त्रास झाला. त्यांना पूर्वी कोणत्या पेजेने आराम पडत असे हे आनंदांना ठाऊक होते. त्यांनी तीळ, तांदूळ आणि मूग मिळवून पेज शिजवली व तथागतांपुढे नेली. भिक्षूने विहारात धान्य साठवून स्वतः रांधणे योग्य नाही म्हणून तथागतांनी त्यांना समज दिली, हा विनयाचा भाग झाला. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते त्या तीन पदार्थांकडे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचे आम्ल कमी असते, ते मुगात भरपूर असते. मुगात मेथिओनिन कमी, ते तिळात चांगले असते. तिघांची मोट बांधली की प्रथिनाची प्रत वाढते, आणि पेज असल्याने दुखऱ्या पोटावर भारही पडत नाही. आपल्या आजीची मुगाची मऊ खिचडी आणि शेजारी तिळाची चटणी ही त्याच कुळातली!

दुधाचे कोडेही असेच. वय वाढते तसे अनेक भारतीयांच्या आतड्यातील दुग्धशर्करा पचविण्याची शक्ती घटते. पेलाभर दूध घेतले की गुडगुड आणि जुलाब. पण दह्यात जीवाणूंनी ही शर्करा बरीच पचवलेली असते, आणि पनीर करताना ती बहुतांशी निवळीबरोबर निघून जाते. म्हणून दूध न सोसणारे कित्येकजण दही, पनीर बिनतक्रार खातात. ताकही चालते, पण एक लक्षात ठेवावे : तांब्याभर पाण्यात दोन चमचे दही घुसळले तर ते तहानेपुरते, प्रथिनापुरते नव्हे. प्रथिनाच्या महागड्या पावडरीही बहुधा दुधाच्याच निवळीपासून केलेल्या असतात. साध्या प्रतीच्या पावडरीत ती शर्करा उरते. हजारो रुपये मोजून पोट बिघडवून घेण्यात अर्थ नाही.

आता आणखी एक छुपा आरोपी. चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध. पण कांदा-लसणात फ्रुक्टन नावाचा घटक असतो, आणि ज्यांची आतडी हळवी त्यांना तो डाळीइतकाच, कधी डाळीपेक्षाही जास्त, त्रास देतो. पंधरा दिवस कांदा-लसणाशिवाय, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे साधे वरण खाऊन पाहावे. त्रास थांबला तर डाळ निर्दोष ठरली. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तरी स्वाद राहतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही सहसा चालतो.

प्रमाण किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरींतून १८, दोन वेळच्या घट्ट वरणातून १४, वाटीभर वाफवलेल्या मटकीतून ७, भाजलेल्या शेंगदाण्याच्या मूठभर कुटातून ६ आणि वाटीभर दह्यातून ५ ग्रॅम असा हिशेब जमतो. यात परदेशी काही नाही. वरण मात्र घट्ट हवे, आणि हे आम्ही भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. घरात सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला वरणाचे पाणी येते. अशक्तपणाही तिच्याच वाट्याला येतो. तळाची डाळ तिच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा.

पिंपरीचे नाव पेनिसिलिनमुळे देशभर गेले, पण प्रतिजैविकांच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या आतड्यातले उपकारक जीवाणूही मारतात आणि पोट पुढे कित्येक दिवस ताळ्यावर येत नाही. तसेच वजन घटणे, शौचातून रक्त किंवा काळा मल, रोजचा ताप, पोटदुखीने रात्री जाग येणे, पन्नाशीनंतर अचानक शौचाची सवय बदलणे, यांपैकी काही असेल तर खिचडी खात बसू नये. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

ज्या कारखान्यांत उपाहारगृह समित्या आहेत, तेथील आपल्या प्रतिनिधींनी एक मागणी जरूर करावी : रातपाळीला तर्रीच्या रश्शाबरोबर मूगडाळीच्या साध्या वरणाचे एक भांडे वेगळे ठेवावे. ठेकेदाराला त्याचा खर्च फार येत नाही. आणि आपल्या विहारातही येत्या पौर्णिमेच्या भोजनदानात हरभऱ्याच्या आमटीबरोबर मुगाची खिचडी आणि दही ठेवावे, अशी स्वयंपाकाची जबाबदारी घेणाऱ्या भगिनींना आमची विनंती आहे. आदल्या रात्री उसळीची मटकी भिजत घालायला कोण थांबणार, तेवढे आजच ठरवून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!