दिवाळीनंतर तू कुठं असशील?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीचा फोन आला, "तू डोळ्यांचं काम करतेस, त्यावर पाच मिनिटं बोल." मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नाही, नंबर काढणं आणि लेन्स बसवणं हे माझं काम. त्यातला बराच वेळ एकाच आजाराच्या पेशंटमध्ये जातो. त्याचं नाव केराटोकोनस.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. या आजारात तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात होते. एका दिव्याचे दोन-तीन दिवे दिसतात, अक्षरांना शेपट्या फुटतात. चष्म्याचा नंबर सारखा बदलतो, तरी फळा स्वच्छ दिसत नाही. पृष्ठभागच वेडावाकडा झाल्यावर चष्मा तरी काय करणार?

तिथे कडक लेन्स कामाला येते. उखडलेल्या रस्त्यावर पाऊस साचला की खड्डे बुजतात आणि वर पाणी सपाट दिसतं. तसंच ९-१० मिलिमीटरची ही लेन्स ठेवली की तिच्याखाली अश्रू भरतात आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. मऊ लेन्स खालच्या आकाराप्रमाणे स्वतःच वाकते, म्हणून तिला हे नीट जमत नाही.

बसवायला मात्र धीर लागतो. आधी मशीनवर कॉर्नियाचा नकाशा काढायचा. मग पेटीतली एक लेन्स घालून डोळ्यातलं पाणी थांबेपर्यंत वीस-तीस मिनिटं थांबायचं. नंतर फ्लुरोसीन नावाचा रंग लावून निळ्या प्रकाशात बघायचं. अश्रूंचा थर जाड असेल तिथे हिरवं चमकतं, लेन्स टेकते तिथे काळं दिसतं. शंकूच्या टोकावर लेन्स दाबून बसली तर डाग पडू शकतो. फार उचललेली राहिली तर मध्ये हवेचा बुडबुडा अडकतो. टोकाला हलका स्पर्श, भार बाजूंवर, आणि पापणी लवली की लेन्स जराशी हलली पाहिजे. एकेका डोळ्याला चार-पाच लेन्स घालून बघाव्या लागतात.

काही वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा आला. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. बारावीनंतर तोही टोळीत गेलेला. लेन्स घातल्यावर त्यानं तक्ता वाचला, मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मॅडम, लिंबाची पानं अशी सुटी सुटी दिसतात व्हय?" मला फार आनंद झाला. लेन्स कशी धुवायची, कशात ठेवायची, सगळं समजावलं, कागदावर लिहूनही दिलं.

फेब्रुवारीत तो परत आला. एक डोळा लालभडक, उघडत नव्हता. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहायचा. लेन्सचं सोल्यूशन संपलं, जवळ कुठं मिळालं नाही, म्हणून तो टँकरच्या पाण्यात लेन्स ठेवत होता. साध्या पाण्यातल्या जंतूंनी डोळ्यात जखम होते, म्हणून लेन्सला पाणी लावायचं नसतं. डॉक्टरांनी डोळा वाचवला, पण कॉर्नियावर डाग राहिला.

मी रागावले. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, कागदावर बेसिनजवळ हात धुवा लिहिलं होतं. तिथं बेसिन कुठलं?"

मित्रांनो, दिवाळीनंतर आपल्या वर्गातली कितीतरी बाकं रिकामी व्हायची. ती बघत मी मोठी झाले. तरी त्या मुलाला "दिवाळीनंतर तू कुठं असशील?" एवढा एक प्रश्न मी विचारला नव्हता. लेन्स बरोबर बसली होती, चूक माझी होती.

आता मी आधी तो प्रश्न विचारते. पाणी कुठलं, आरसा आहे का, हात कुठं धुणार, हेही विचारते. सोल्यूशनच्या हंगामभराच्या बाटल्या आधीच बांधून देते. आणि डोळा लाल झाला तर त्याच क्षणी लेन्स काढायची, दवाखाना गाठायचा, हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेते.

इथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. लेन्सनं दिसतं, पण आजार थांबत नाही. तो थांबवण्यासाठी क्रॉस-लिंकिंग आहे. रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण देतात, त्यानं कॉर्निया घट्ट होतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी त्याचे निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध केले; आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हा उपचार होतो. पण गेलेली नजर त्यानं फारशी परत येत नाही, म्हणून तो वेळेवर व्हायला हवा. जो मुलगा सारखे डोळे चोळतो, डोळे बारीक करून फळा बघतो, ज्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला "अभ्यासात लक्ष नाही" म्हणण्याआधी कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. आणि डोळे चोळू देऊ नका.

तो मुलगा पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला घेऊन आला. हा आजार कधी कधी भावंडांतही आढळतो. तिचा नुकताच सुरू झाला होता. क्रॉस-लिंकिंग वेळेत झालं. ती आज पाटोद्यातच शिकते आणि चष्म्यावर फळा वाचते.