ग्रंथांची खतावणी



ग्रंथालयात एखादे पुस्तक असणे आणि ते मागणाऱ्याच्या हाती पडणे, ह्या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतो. परंतु त्या तशा नाहीत. कपाटात असूनही कोठे आहे हे कोणासच सांगता येत नाही, असे पुस्तक वाचकाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. हे अंतर नाहीसे करणारी विद्या म्हणजे तालिकीकरण. अलीकडे तिला आणखी एका विद्येची जोड मिळाली आहे. ती म्हणजे पानांची डिजिटल प्रतिमा घेण्याची. ह्या दोहोंचे पहिले पाठ गिरविणाऱ्या विद्यार्थ्यास काय शिकावे लागते, आणि आपल्या घरांशी त्याचा संबंध कोठे पोहोचतो, ह्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

हा विद्यार्थी शाहूपुरीतला आहे असे समजू. ही पेठ शाहू छत्रपतींनी १८९५ साली वसविली, आणि गुळाच्या व्यापाराने ती नावारूपास आली. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले, तरी आडतीच्या दुकानातील वह्यांची आठवण जुन्या घरांत अजून असेल. दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरत. मग तेच खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडले जात. ग्रंथालयाचेही तसेच आहे. पुस्तके येतील त्या क्रमाने दाखल-नोंदवहीत चढतात. ती आमची कीर्द. तालिका ही खतावणी. भेद एवढाच की, येथे एकाच पुस्तकाची खाती तीन उघडावी लागतात : एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे आणि एक विषयाचे. कारण एक वाचक लेखक जाणतो, दुसऱ्यास नुसते पुस्तकाचे नाव आठवते, आणि तिसऱ्यास उसाच्या लागवडीवर काहीतरी हवे असते, ह्यापलीकडे काहीच सांगता येत नाही. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे तत्त्व डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत घातले, ते ह्याच जाणिवेने.

कोल्हापुरास ही विद्या परकी नाही. आजचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झाले. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. मद्रासचा कायदा १९४८ सालचा, आणि महाराष्ट्र राज्याचा तर १९६७ सालचा.

विद्यार्थ्याची पहिली परीक्षा नावांपाशी होते. राजाराम कॉलेजात शिकविणारे प्राध्यापक माधव त्रिंबक पटवर्धन ह्यांनी ‘छंदोरचना’ लिहिली ती स्वतःच्या नावाने, आणि ‘विरहतरंग’ लिहिले ते माधव जूलियन ह्या नावाने. त्यातही कोणी ‘जूलियन’ लिहितो, कोणी ‘ज्यूलियन’. तालिकाकाराने ही नावे जोडून दिली नाहीत, तर एकाच माणसाचे तीन लेखक होतात. ‘कळ्यांचे निःश्वास’ हे १९३३ सालचे पुस्तक विभावरी शिरूरकर ह्या नावाने निघाले. लेखिकेचे माहेरचे नाव बालुताई खरे, आणि विवाहानंतरचे मालतीबाई बेडेकर. ज्या स्त्रियांची नावे विवाहाने बदलली, त्यांचे लेखन दोन ठिकाणी विखुरण्याचे भय फार. ‘बेडेकर, मालतीबाई : पाहा शिरूरकर, विभावरी’ अशी एक ओळ लिहिली, की ते विखुरलेले लेखन पुन्हा एकत्र येते. ओळ लहान खरी, पण न्यायाची आहे.

दुसरी परीक्षा लेखनाची. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीचे पुस्तक ‘गांव’ म्हणते, आजचा वाचक ‘गाव’ शोधतो. संगणकास ही दोन निराळी रूपे वाटतात. ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरे आपण मुळाक्षरांच्या शेवटी शिकलो. संगणक मात्र, मुद्दाम बजावले नाही तर, ‘ळ’ला ‘ल’च्या मागे बसवितो आणि ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये शोधावयास लावतो. जुन्या मुखपृष्ठावर नुसता शक असतो. त्यात ७८ मिळविले म्हणजे सामान्यतः इसवी सन निघतो. अखेर विषयाचा अंक. ड्यूई ह्यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीत मराठी वाङ्मयास ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढे एक लिहिला की काव्य, तीन लिहिला की कथा-कादंबरी.

आता प्रतिमेकडे वळू. यंत्र पानाचे बारीक ठिपके करते व प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांत लिहून ठेवते. इंचास ३०० ठिपके धरले, तर पाच इंच रुंद व आठ इंच उंच पानाचे ३६ लाख ठिपके होतात. रंगीत ठिपक्यास तीन बाइट लागतात. म्हणजे एका पानास १ कोटी ८ लाख, आणि ३०० पानांच्या ग्रंथास सुमारे सव्वातीन गिगाबाइट. म्हणून विद्यार्थ्यास दोन प्रती करावयास शिकवितात : एक मूळ प्रत, टिफ स्वरूपाची, जपून ठेवण्यासाठी, दुसरी जेपेग, हलकी, वाचकास देण्यासाठी. ठिसूळ झालेले पुस्तक दाबून सपाट करावयाचे नाही. त्याच्या दोन्ही पुठ्ठ्यांस आधार देऊन, ते जितके सहज उघडेल तितकेच उघडावयाचे. हातांची ही सावधगिरी यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे, कारण कागद दुसऱ्यांदा मिळत नाही.

ही घाई कशासाठी, असे कोणी विचारील. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा ह्यांना आलेला पूर आपण पाहिला आहे. शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरले, आणि सांगलीच्या नगर वाचनालयातील ग्रंथ भिजून गेले. २०२१ साली पुन्हा पूर आला. नदीकाठच्या गावांनी हे गृहीत धरूनच चालले पाहिजे. प्रतिमा असती तर मजकूर तरी वाचला असता. पण ती ग्रंथाच्याच तळमजल्यावर ठेवली तर उपयोग काय? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दूरगावी, हा नियम त्यासाठीच आहे.

तथापि नुसत्या प्रतिमांनी काम भागत नाही. कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकांखाली पडलेली हजारो पाने म्हणजे विना-तालिकेचे ग्रंथालय. प्रत्येक प्रतिमेच्या नावात दाखल-क्रमांक आणि पानाचा क्रमांक असला, आणि तो तालिकेतील नोंदीशी जुळला, तरच ती प्रतिमा सापडते. मोडी कागदाचे तर, तो वाचू शकणाऱ्या माणसाने दोन ओळींत त्याचा गोषवारा लिहिला म्हणजेच इतरांस त्याचा ठाव लागतो. आणखी एक मर्यादा : प्रतिमा घेता येते म्हणून ती प्रसिद्धही करता येते असे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

श्रोत्यांस शेवटी एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर आजोबांची पुस्तके, जुने मासिकांचे अंक, एखादे दप्तर असेल. ते रद्दीत देण्यापूर्वी एक वही घ्यावी. लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, आणि हा ग्रंथ घरात कोणाचा होता, एवढे प्रत्येकाचे लिहावे. मग ती वही जवळच्या ग्रंथालयात नेऊन दाखवावी. तेथे आज कोणी विद्यार्थी शिकत असेल, तर आपल्या यादीतील एखादे पुस्तक त्यांच्या तालिकेत अद्याप नाही, हे तो आपणांस सांगू शकेल. आणि त्या पुस्तकाचे पुढे काय करावे, हे मग दोघांनी मिळून ठरविता येईल.