शुश्रूषेचे शास्त्र आणि वेळेचे गणित



परिचर्याशास्त्रातील सिद्धांत परीक्षेपुरते पाठ करावयाचे आणि वॉर्डात पाऊल टाकताच विसरावयाचे, अशी एक समजूत रूढ आहे. त्याचा दोष बहुधा परिचारिकांच्याच माथी मारला जातो. वस्तुतः सिद्धांत आचरणात आणावयाचा तर बुद्धीइतकीच वेळेची गरज असते. आणि वेळ ही नेमणुकांची, म्हणजेच अर्थकारणाची बाब आहे.

हे सिद्धांत सांगतात तरी काय? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या टिपणांत स्वच्छ हवा, उजेड, शांतता आणि आहार यांच्या जोडीने रुग्णाच्या निरीक्षणाला मानाचे स्थान दिले. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी रुग्णाच्या चौदा मूलभूत गरजा मांडल्या. शक्ती, इच्छा आणि ज्ञान असते तर रुग्णाने स्वतः जे केले असते, ते त्याच्यासाठी करणे आणि त्याला लवकरात लवकर स्वावलंबी बनविणे, हे त्यांच्या मते परिचारिकेचे कार्य होय. डोरोथिआ ओरेम यांनी स्वयंपरिचर्येचा विचार मांडताना परिचारिकेच्या साहाय्याचे तीन प्रकार सांगितले : काही रुग्णांचे सर्वच करावे लागते, काहींचे थोडे करावे लागते, तर काहींना केवळ शिकवण आणि आधार पुरेसा होतो.

या विचारांची कसोटी पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण १९८१ पर्यंत कुलाबा हे नाव असलेल्या या जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांची बारकाईने नोंद केली. त्यावरील त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आले.

परंतु गोळी दिली म्हणजे काम संपले असे होत नाही. त्या औषधाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून रुग्णाला निजवूनच ठेवावे लागते, रक्तदाब पुनःपुन्हा मोजावा लागतो आणि हातपाय उबदार होईपर्यंत ठरावीक अंतराने औषध द्यावे लागते. नाइटिंगेल ज्याला निरीक्षण म्हणतात ते हेच. ते करणारे माणूस रात्रभर हजर नसेल, तर स्वस्त औषधही निरुपयोगी ठरावयाचे.

आता वेळेचा हिशेब पाहा. एखाद्या वॉर्डात चाळीस रुग्ण आणि एक परिचारिका असेल, तर आठ तासांच्या पाळीत प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. त्यातच औषधे, सुया, नोंदवह्या आणि नातेवाइकांचे प्रश्न आले. पक्षाघाताच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावयाची, हे तिला ठाऊक नसते थोडेच? पाच रुग्णांमागे एक परिचारिका असेल, तर तोच वाटा शहाण्णव मिनिटांचा होतो. पहिल्या स्थितीत पाठीला क्षत पडले, तर तो अज्ञानाचा परिणाम म्हणावयाचा की अंदाजपत्रकाचा?

स्वयंपरिचर्येच्या विचाराबाबत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळे या भागांतील कितीतरी घरांतले कर्ते पुरुष मुंबईला चाकरीस असतात. रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेली सासू घरी आली, की तिची सर्व शुश्रूषा सुनेवर येऊन पडते. मासळीची पाटी किंवा वाडीतले काम सांभाळून ती हे करते. या श्रमाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. कूस कशी बदलावी, नळीतून अन्न कसे द्यावे, मधुमेही पायाची जखम कशी पाहावी, हे तिला कोणी समक्ष शिकवले, तर ओरेम यांचा विचार सार्थ होतो. शिकवणारेच कोणी नसेल, तर ‘स्वावलंबन’ या सुंदर शब्दाआड शासनाने आपले ओझे एका बिनपगारी बाईच्या डोक्यावर ठेवले, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

साधारण पाच हजार लोकवस्तीला, आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजारांना, एक उपकेंद्र असे सरकारी प्रमाण आहे. तेथील आरोग्यसेविकेवर लसीकरण, बाळंतपणे आणि अहवाल यांचा भार आधीच असतो. घरोघरच्या रुग्णांची परिचर्या शिकविण्याचे काम तिच्याकडून अपेक्षावयाचे, तर त्यासाठी आणखी हात दिले पाहिजेत.

म्हणून मागणी साधी आहे. परिचारिकांची रिक्त पदे भरावीत. कायम स्वरूपाचे काम कंत्राटावर करून घेऊ नये. रुग्णाला घरी पाठविण्यापूर्वी त्याच्या घरच्यांना शिकविण्याचा वेळ पाळीच्या कामातच धरावा. आणि किती रुग्णांमागे किती माणसे लागतात हे ठरविताना परिचारिकांना विचारावे. रात्रपाळीत कोणत्या खाटेपाशी पोहोचता आले नाही, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच माहीत नसते.