वसतिगृहासाठी गादी घेताना
(वसतिगृह अधीक्षक व गृहमातांच्या मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आहार, हजेरी, अनुदान यांवर बोलणं झालं. मला दिलेला विषय साधा आहे: मुलं ज्यावर झोपतात ती गादी. सातपुड्यातल्या आपल्या मुलांना घरी बाज, चटई आणि गोधडी असते. म्हणून ‘त्यांना काहीही चालतं’ असं आपण म्हणतो. मीही म्हणत असे.

काही वर्षांपूर्वी एका दात्यांनी आमच्या मुलींसाठी फोमच्या गाद्या पाठवल्या. मऊ, रंगीत, उचलायला हलक्या. आम्ही फोटो काढले, आभाराचं पत्र पाठवलं. एका पावसाळ्यात त्या मधोमध बसल्या. हाताने दाबलं की खालची फरशी लागायची. डिसेंबरात आमची सिकलसेलची एक मुलगी मध्यरात्री पाय धरून रडू लागली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मग विचारलं, “ताई, ही झोपते कशावर?” थंडी लागली की सिकलसेलच्या वेदना उसळू शकतात, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण ते मी स्वेटरपुरतं लक्षात ठेवलं होतं. फरशीचा गारवा त्या बसलेल्या गादीतून वर येतो, हे मला सुचलंच नाही.

तेव्हापासून दुकानात मी स्वतः झोपून बघते. दुकानदार हसतात, हसू द्या. कुशीवर दहा मिनिटं पडून राहा. कंबर खाली लोंबली तर गादी फार मऊ आहे, खांदा आणि खुबा दुखायला लागला तर फार कडक. मग उताणं झोपून कमरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर कमरेला आधार नाही. बोट रुतेल इतकी मऊ गादी म्हणजे चांगली गादी, हा आपला गैरसमज आहे.

फोमच घ्यायचा असेल तर घनता विचारा आणि बिलावर लिहून घ्या. घनमीटरला 32 किलोच्या आतला फोम रोजच्या वापरात लवकर दबतो. 40 चा मिळाला तर उत्तम. नाकाला झोंबणारा वास असेल तर घेऊ नका. आणखी एक, फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वीज गेल्यावर मेणबत्ती, डासांची कॉइल गादीशेजारी ठेवणारे आपणच ना?

काथ्याच्या गादीत हवा खेळते, ती कडकही राहते, पण वारंवार भिजली की बिघडते. माझा कल कापसाकडे आहे. आपल्याकडे कापूस पिकतो, पिंजून पुन्हा भरणारा माणूसही बाजारात सापडतो. मात्र एक शिवण उसवून आत बघा. स्वस्त गादीत कापसाऐवजी रंगीत चिंध्यांचा भुगा निघतो. ती जडही असते. दहा वर्षांच्या दोन मुलांना मिळून अंगणात नेता येईल, एवढंच वजन ठेवा. उन्हात जाणारच नसेल तर कापसाची गादी घेऊन उपयोग नाही.

अंथरूण ओलं करणारी मुलं प्रत्येक वसतिगृहात असतात. त्यांच्या चादरीखाली रबरी कापडाचा तुकडा घाला, तोही कुणाला न दिसेल असा. सगळ्याच गाद्यांना रेक्झिन लावलं तर बाकीची मुलं घामाने भिजतात.

आता ढेकूण. इथे मला जरा रागाने बोलायचं आहे. शेतात फवारायचं औषध गादीवर मारलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच गादीवर रात्री मूल तोंड टेकवून झोपतं! कृपा करून हे थांबवा. खोळ काढून कढत पाण्यात धुवा, शिवणी ब्रशने घासा, बाजेच्या फटींत उकळतं पाणी ओता आणि आठवड्याने पुन्हा तेच करा. नुसतं ऊन पुरत नाही, ढेकूण फटीत जाऊन बसतात.

मागच्या खोलीत कापूस, काथ्या आणि फोम असे तीन नमुने मांडले आहेत. चहानंतर प्रत्येकाने झोपून बघावं. आणि आपापल्या खाटांची मापं दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्याकडे द्यावीत, म्हणजे भरणाऱ्याला एकदाच बोलावता येईल.