विजेचें दार आणि घरचें अंदाजपत्रक

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांना थोडें हसूं आलें असेल. राष्ट्राच्या अंदाजपत्रकावर भाषणें होतात, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर वाद होतात. परंतु घरच्या गॅरेजला विजेनें उघडणारें दार बसवावयाचें, त्याच्या अंदाजपत्रकाविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें कांहींसें विचित्र वाटण्याजोगेंच आहे. पण पस्तीस वर्षें मुलांकडून नफातोट्याचीं उदाहरणें सोडवून घेतल्यामुळें मला एक खोड जडली आहे. कोणी एखाद्या वस्तूची किंमत सांगितली, कीं ती पुरी आहे कीं अपुरी, हें मी कागद-पेन्सिल घेऊन पाहूं लागतों. विजेच्या दाराची सांगितली जाणारी किंमत बहुधा अपुरी असते, आणि जी रक्कम तींतून गळलेली असते, तिच्यावरच घरांतल्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. एवढ्यासाठीं आजचें हें भाषण.

हें दार मूळचें अमेरिकेंतलें. इंडियाना राज्यांतील सी. जी. जॉन्सन यांनीं १९२१ सालीं वर उचललें जाणारें दार काढलें आणि १९२६ सालीं त्याला विजेची जोड दिली. आमच्या पेण-रोह्याकडे त्याचें रूप थोडें निराळें आहे. आपल्याकडे गॅरेजला बहुधा पेठेंतल्या दुकानासारखें गुंडाळतें पोलादी शटरच असतें. त्याच्या दांड्याला विजेची मोटार जोडली, कीं झालें विजेचें दार. मुंबईहून मागविलेलें, रुंद फळ्यांचें व छताखालीं सरकत जाणारें दार अधिक देखणें आणि अधिक महाग. परंतु दोहोंचा हिशेब मांडण्याची रीत एकच.

पहिला प्रश्न मात्र पैशाचा नाहीं, गरजेचा आहे. आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. आषाढांतल्या संततधारेंत गाडींतून उतरावें, वांकून शटर उचलावें, चिंब होऊन परत गाडींत बसावें, हें ज्याचे गुडघे दुखतात त्याला विचारून पाहावें. धाटावच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून एकटीच परतणारी सून किंवा लेक घरांत असेल, तर अंधारांत गाडीबाहेर न पडतां दार उघडणें ही चैन नव्हे. अशा घरांनीं हा खर्च अवश्य करावा. परंतु केवळ शेजाऱ्यानें केलें म्हणून करावयाचें असेल, तर आधीं गांवांतल्या शटरवाल्यास बोलावून जुन्या शटराच्या स्प्रिंगा ताणून घ्याव्या आणि बाजूच्या पट्ट्यांना वंगण द्यावें. पुष्कळ शटरें जड वाटतात तीं स्प्रिंगा सैल पडल्यामुळें. हें काम घरच्या घरीं करूं नये. ताणलेल्या स्प्रिंगेंत हात मोडण्याइतकी शक्ति सांठलेली असते. शिवाय तोल बिघडलेल्या शटराला मोटार जोडली, तर ती मोटारही लवकर जळते. तेव्हां ही दुरुस्ती दोन्ही पक्षीं उपयोगाचीच. तिच्यानंतरही गरज उरली, तर मग कागद घ्यावा.

कागदावर प्रथम एक उभी रेघ ओढावी. ज्यांच्या घराण्याचें वास्तव्य रोह्यास होतें, ते चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढें १९५१ पासून १९५६ पर्यंत अर्थमंत्री म्हणून त्यांनीं देशाचीं अंदाजपत्रकें संसदेपुढें मांडलीं. त्या अंदाजपत्रकांत भांडवली खर्च निराळा आणि चालू खर्च निराळा दाखवितात. घरच्या कागदावरही तसेंच करावें. रेघेच्या डावीकडे एकदांच करावयाचा खर्च, उजवीकडे दरवर्षीं करावयाचा. दारीं हत्ती बांधणें हें एक आणि त्याला वैरण घालणें हें दुसरें. आपण बहुधा पहिल्याचाच भाव विचारतों.

आतां डावी बाजू पाहूं. मी घेतों ते आंकडे केवळ उदाहरणासाठीं आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. आपण आपल्या हातीं येतील ते आंकडे तेथें घालावे. समजा, दुकानदारानें शटर, मोटार व बसवणूक मिळून ६०,००० रुपये सांगितले आणि कोपऱ्यांत बारीक अक्षरांत 'कर वेगळा' असें लिहिलें. वस्तू व सेवा कर १८ टक्के; म्हणजे १०,८०० रुपये. दाराची किंमत झाली ७०,८००. शटराची गुंडाळी वर मावावी म्हणून तुळई किंवा भिंत थोडी फोडावी लागते; त्या गवंडीकामाचे ८,००० धरूं. मोटारीसाठीं मुख्य फळीपासून स्वतंत्र तार, गळती होतांच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच आणि चांगलें अर्थिंग यांचे ९,०००. दाराखालीं कोणी आल्यास तें थांबविणारा प्रकाशाचा डोळा व खालच्या कडेची दाबपट्टी यांचे ६,०००. वीज नसतां दार उघडण्याची हातसाखळी आणि बाहेरून मोटार सोडविण्याची किल्ली यांचे ३,०००. बेरीज ९६,८०० होते. तिच्यावर अनपेक्षित खर्चासाठीं दहा टक्के, म्हणजे ९,६८० धरले, कीं एकूण १,०६,४८० रुपये. म्हणजे साठ हजारांचें म्हणून घरीं आणलेलें दार एक लाख सहा हजारांवर गेलें. येथें कोणी फसविलें असें नाहीं; दुकानदारानें आपल्या मालाची किंमत सांगितली आणि आपण ती दाराची किंमत समजलों.

घरोघर पुढें काय होतें, तें आपण जाणतांच. बेरीज हाताबाहेर गेली, कीं पेन्सिल शेवटच्या ओळींकडे वळते. दार तर हवेंच, मोटार तर हवीच, रंग तर चांगलाच हवा. मग तो प्रकाशाचा डोळा, ती साखळी, तें अर्थिंग, हें 'पुढें पाहूं' म्हणून खोडलें जातें. माझें सांगणें नेमकें येथें आहे. ज्या ओळी आपण प्रथम खोडतों, त्या शेवटपर्यंत खोडावयाच्या नसतात.

साखळीचें उदाहरण घ्या. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गांवें दिवसचे दिवस अंधारांत राहिलीं. अशा वेळीं घरांत कोणाच्या छातींत कळ आली, गाडी आंत आहे आणि दार विजेचें आहे, तर त्या कुटुंबानें काय करावें? बॅटरी जोडलेली असली तर ती कांहीं खेपा दार उघडील. वीज तिसऱ्या दिवशींही आली नाहीं, तर हातसाखळीच कामास येते. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. वाड्याच्या थोरल्या दरवाज्यांत ते एक लहानशी दिंडी ठेवीत. मोठें दार बंद असलें तरी माणूस अडून राहत नसे. गॅरेजला घरांतून दुसरें दार नसेल, तर बाहेरून किल्लीनें मोटार सोडविण्याची सोय हीच आपली दिंडी होय. ती नसेल तर दार विकतच घेऊं नये.

प्रकाशाच्या डोळ्याचेंही तसेंच. अमेरिकेंत अशा दारांखालीं सांपडून लहान मुलें दगावलीं, तेव्हां १९९० सालीं तेथें कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना अडथळा लागतांच दार उलटें वर नेणारी योजना सक्तीची ठरली. आपल्याकडे दुकानदाराच्या यादींत ही योजना पुष्कळदां स्वतंत्र बाब म्हणून येते आणि म्हणूनच ती सहज गळते. मे महिन्याच्या सुटींत मुंबईचीं नातवंडें आलीं, कीं वर-खालीं जाणारें दार हा त्यांचा खेळच होतो. दार खालीं येतांना त्याखालून शेवटीं कोण पळतो, अशी पैज मुलें लावणारच. तेव्हां डोळ्यासाठीं पैसे नसतील, तर बिनतारी रिमोट सोडून द्यावा आणि बोटानें दाबून धरल्याविना दार हलणार नाहीं, असें साधें बटन बसवावें. तें दार डोळ्यांसमोर दिसेल अशाच जागीं आणि मुलांचा हात पोहोंचणार नाहीं इतकें उंच असावें. गाडींतून उतरावें लागेल हें खरें. परंतु हा मार्ग स्वस्त आहे आणि धोक्याचा नाहीं. ज्यांनीं डोळा व दाबपट्टी बसविली आहे, त्यांनीं महिन्यांतून एकदां दाराखालीं लांकडाचा ठोकळा ठेवून दार खालीं सोडून पाहावें. ठोकळ्याला लागून दार परत वर गेलें नाहीं, तर दुरुस्ती होईपर्यंत मोटार बंद ठेवावी.

अर्थिंगाविषयीं कोंकणांत अधिक काय सांगावें? भिजलेली भिंत, भिजलेलें लोखंड आणि अनवाणी पाय, एवढें म्हटलें तरी पुरे. नदीकांठच्या आळ्यांनीं आणखी एक काळजी घ्यावी. जुलै १९८९ मध्यें अंबा नदीनें नागोठणें आणि जांभूळपाडा येथें केलेला अनर्थ विसरण्याजोगा नाहीं. कुंडलिकेच्या कांठीं राहणाऱ्यांनींही पूर्वीं पाणी जेथवर चढलें होतें, त्या खुणेच्या वरच विजेची पेटी बसवून घ्यावी. हिला जास्त पैसा लागत नाहीं. आधीं सांगावें मात्र लागतें.

आतां उजवी बाजू, म्हणजे हत्तीची वैरण. पुष्कळांना भीति वाटते ती विजेच्या बिलाची. ती भीति गणितानें जाते. समजा, मोटार ४०० वॅटची आहे, दार एका खेपेस २० सेकंद चालतें आणि गाडी दिवसांतून दोनदां बाहेर जाऊन दोनदां परत येते. प्रत्येक वेळीं दार उघडून मिटावयाचें, म्हणजे दिवसाच्या आठ खेपा, १६० सेकंद. महिन्याचे ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटें. वीज लागली अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक. परंतु रिमोटची हांक ऐकण्यासाठीं यंत्र रात्रंदिवस जागें असतें. त्या जागरणाला केवळ ५ वॅट लागतात असें धरलें, तरी महिन्याचीं ७२० तास मिळून ३.६ युनिटें होतात. काम करण्यापेक्षां वाट पाहण्यालाच सुमारें सातपट वीज लागली! तरीही एकूण चार-सव्वाचार युनिटें. यानें कोणाचें घर बुडत नाहीं.

खरा चालू खर्च निराळाच आहे. पेणच्या खारेपाटाकडून येणारा खारा वारा लोखंडाला सोडीत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं रंग व वंगण, पावसाळ्यानंतर एकदां तपासणी, यांचे वर्षाला २,४०० धरले, तर महिन्याचे २०० झाले. मोटार व तिचें विजेचें काळीज ३६,००० रुपयांचें आणि आयुष्य दहा वर्षांचें मानलें, तर नव्या यंत्रासाठीं दरमहा ३०० बाजूस टाकावयास हवे. म्हणजे विजेशिवाय महिन्याचे ५०० रुपये. ज्याला हे पांचशें जड आहेत, त्याला तें दार जड आहे, मग पहिली रक्कम हातांत असो वा नसो.

दुरुस्तीला कोण येणार, हेंही पैसे देण्यापूर्वीं विचारावें. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गाची जी अवस्था होते, ती पाहतां मुंबईचा कारागीर चतुर्थीच्या आदल्या दिवशीं पेणला पोहोंचेल, हा भरंवसा कोणीं धरूं नये. गांवांतल्या शटरवाल्यास जें यंत्र उघडतां येतें आणि ज्याचे सुटे भाग पनवेलपर्यंत मिळतात, तें थोडें कमी देखणें असलें तरी अधिक चांगलें.

शेवटीं, पैसा आणावयाचा कोठून? २०१० सालीं पेणमधील एका नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि हजारों ठेवीदारांचे पैसे अडकले. आजारपण, लग्नकार्य, मुलांचें शिक्षण यांसाठीं ठेवलेली पुंजी एकाएकीं हातीं नसणें म्हणजे काय, हें आमच्या गांवाला शिकवावें लागत नाहीं. म्हणून अडीअडचणीसाठीं ठेवलेल्या शिलकेला या दारासाठीं हात लावूं नये. दरमहा थोडें सांठवून वर्ष-दीड वर्षानें दार घ्यावें. तोंवर जुनें शटर वंगण घालून चालतेंच.

तेव्हां श्रोतेहो, या अंदाजपत्रकाची रीत एका वाक्यांत सांगतों: तें खालून वर लिहावें. पहिल्या ओळीवर साखळी आणि बाहेरची किल्ली, दुसऱ्या ओळीवर अर्थिंग, तिसऱ्यावर मुलाबाळांसाठीं प्रकाशाचा डोळा किंवा दाबून धरावयाचें बटन, चौथ्यावर दरमहाची वैरण. एवढें मांडून जें उरेल, त्यांतून दार, मोटार, रिमोट आणि रंग निवडावा. मग रंग मनासारखा मिळाला नाहीं, तरी वादळाच्या रात्रीं दार उघडेल आणि नातवंडांच्या पायाशीं तें थांबेल. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण म्हणतों. अंथरूण मोजावयाचें कोठून, एवढेंच मला सांगावयाचें होतें.