आगगाडीच्या मॉडेलमधील जमिनीचा पोत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची दोन-तीन मॉडेल्स हमखास येतात. डबे सुबक, रूळ चकचकीत. पण खाली जमीन म्हणून असतो हिरवा ऑइलपेंट फासलेला प्लायवूड! कॅरमबोर्डासारखी अशी गुळगुळीत जमीन मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत कोठेही सापडायची नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुले झाले. सहलीला गेलात तर गाड्यांबरोबर रुळांकडेची जमीनही न्याहाळा. तेथील प्रमाण एकास 87 आहे. आता गणित करा. रुळांखालची 5 सेंटिमीटरची खडी 87 ने भागली की अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, म्हणजे रव्याचा दाणा. आपल्याकडचा 3 मीटर उंच ऊस साडेतीन सेंटिमीटर. मुले मात्र हरभऱ्याएवढे खडे टाकतात. त्या हिशेबाने एकेक खडा माणसाच्या गुडघ्याच्या वर जाईल!

म्हणून काळ्या दगडाची कच रव्याच्या चाळणीतून चाळून घ्यावी. ती कोरडीच रुळांमध्ये पसरून ब्रशने सारखी करावी. त्यावर साबणाचा थेंब टाकलेले पाणी हलके फवारावे आणि निम्मे पाणी घातलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडावे. साबण नसला तर पाणी मण्यांसारखे वरच गोळा होते आणि कच वाहून जाते. एक रात्र हात लावू नये. हेच सर्वांत कठीण!

आपल्याकडचा कातळ लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. थर्मोकोल कापण्याऐवजी हाताने मोडावे, तुकडे आडवे रचून वर प्लास्टर द्यावे. गडद रंग वाळल्यावर फिकट रंगात बुडवलेला ब्रश कापडाला पुसून जवळजवळ कोरडा करावा व वरवर फिरवावा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात. नदीकाठचे घर करणाऱ्याने 2019 च्या महापुरानंतर भिंतींवर राहिलेली चिखलाची रेघ आठवावी. उसाचे चिपाड वाळवून चुरडले की शेतातला पाचट तयार.

पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. वडील गवंडी आहेत, गाद्या भरतात, रंगकाम करतात, हे वर्गात सांगायला संकोचणारी मुले मी पाहतो. गिलाव्याची वाळू किती बारीक चाळायची, रंग कितपत पातळ करायचा, हे त्या वडिलांना माझ्यासारख्या बी.ए., बी.एड. माणसापेक्षा पुष्कळ अधिक कळते. मॉडेलच्या जमिनीला नेमके हेच ज्ञान लागते. पण मुलगा ते घरात विचारत नाही, आणि तुम्हीही “तू आपला अभ्यास कर” म्हणून त्याला उठवता. मग प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी दुकानातून तयार मॉडेल येते. परीक्षकाने दोन प्रश्न विचारले की मूल गप्प!

तेव्हा यंदा तयार मॉडेल आणू नये, ही विनंती. एखाद्या शनिवारी दुपारी वडिलांनी तासभर वर्गात यावे, येताना थापी आणि जुने ब्रश आणावेत. कच आणि थर्मोकोलची सोय आम्ही करू. मुलांनी फक्त चाळणी आणावी. मात्र रव्याची असेल तर आईला विचारूनच.